सात नंबरची जागा

आशुतोष, टॉर्च बंद कर रे, सेल उतरतील. लाइट येईपर्यंत ऐका. आणि मधे कोणी खिदळलं तर मी उठून घरी जाईन, सांगून ठेवतो.

आपल्या ऐरोलीच्या नंदकिशोरची हकिकत आहे. सत्त्याण्णव साल, बावीस नोव्हेंबर, शनिवार. जेवणखाण उरकून साडेनऊला तो महापेच्या ऑफिसात गेला. काम तसं साधं. जासईच्या कंटेनर यार्डाचं रजिस्टर या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर असायचं. ते फुगलं होतं, त्याला डिस्कवर नवी जागा करून द्यायची. सकाळी सहाला यार्डाचं गेट उघडणार. तोवर झालं नाही तर सोमवारी कामावर येऊ नकोस, असं साहेबांनी तोंडावर सांगितलेलं. नोकरीबरोबर कंपनीची खोलीही जाणार, आणि घरात बायकोला, चारुलतेला, सातवा महिना.

डिस्कच्या दोन पेट्या होत्या, एकेकीत सहा डिस्क. जागा वाटून द्यायला एक प्रोग्राम होता, त्याला नियम सांगायचे. रजिस्टरच्या प्रती दोन. दोन्ही एका पेटीत नकोत. एकेक प्रत तीन डिस्कवर पसरलेली हवी. आणि एक नियम आधीपासूनच बसलेला: दुसऱ्या पेटीतली चार नंबरची डिस्क घेऊ नये. तो सुधीरचा. सुधीर म्हणजे नंदकिशोरच्या आधी ते काम बघणारा. जूनमध्ये ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकखाली गेला बिचारा. नियम घालायचा आणि कारण लिहायचं नाही, ही त्याची खोडच.

नंदकिशोरने बटण दाबलं. उत्तर आलं, 'जागा नाही.'

एकेक नियम घातला की जागा मिळायची. सगळे एकत्र घातले की नन्नाचा पाडा. कारण दुसऱ्या पेटीत चार सोडली तर दोन आणि पाच, एवढ्याच डिस्क मोकळ्या.

"अरे, चार नंबर रिकामी पडलीय! तपासली मी, ठणठणीत आहे!" तो एकटाच ओरडला आणि सुधीरचा नियम काढून टाकला.

'जागा नाही.'

यादी बघतो तर नियम परत जागेवर. पुन्हा काढला, पुन्हा आला. अडीच वाजले. चहा गार झाला, डोळे चुरचुरायला लागले. सातव्यांदा नियम परत आला तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "मेलास ते मेलास, सुधऱ्या! नियम तरी काढून जायचं!"

एसीची घरघर थांबली.

शेजारच्या टेबलावर सुधीरचा जुना कीबोर्ड होता. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली. वायर काढलेला.

टक्...

नंदकिशोरने मान वळवली नाही.

टक्...

पाचावर धारण बसली त्याची. "सुधीर?"

...

"बरं बाबा. नाही घेत चार नंबर. पण सहाच्या आत जागा दे मला. घरी चारुलता..."

टक्.

'जागा मिळाली.' दुसऱ्या पेटीत. दोन... पाच... सात.

सात?

पेटीत डिस्क सहाच. सहाच्या पुढे नुसता कोरा पत्रा.

सहाला गेट उघडलं, रजिस्टर चाललं. सव्वासहाला पहिल्या पेटीचा पॉवर सप्लाय जळाला, तिथली प्रत गेली. पाठोपाठ दुसरीतली चार नंबर कर्रर्र करून बसली, ती कायमचीच. तिच्यावर काही ठेवलेलं नव्हतं म्हणून रजिस्टर वाचलं. नोकरीही वाचली. नंदकिशोरने साहेबांना सात नंबरबद्दल अवाक्षर सांगितलं नाही. तो नियम मात्र पुन्हा कधी काढला नाही.

गेल्या महिन्यात त्या पेट्या भंगारात निघाल्या. वायरी काढून तीन दिवस जिन्याखाली पडून होत्या. कळंबोलीचा भंगारवाला आला, त्याने सहाच्या पुढचा पत्रा उचकटला. आत काही नाही. धूळसुद्धा नाही. पण त्याने एकदम हात मागे घेतला.

"साब... ये तो गरम है."

नंदकिशोरने हात लावून बघितलं.

पत्रा कोमट होता.