चेष्टेवारी गेलेला ताप

दही घुसळायचा पोकळ वाळका भोपळा हातातून निसटला, सारं ताक अंगणात सांडलं आणि सहा महिन्यांची गरोदर येझुमा चक्क हसली... कारण रडण्याची तिला सोयच नव्हती! माहेर बोबो शेतकऱ्यांचं, सासर फुलानी गुराख्यांचं. पश्चिम आफ्रिकेतल्या या दोन जमातींनी एकमेकांची थट्टा करायची आणि कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, ही वाडवडिलांपासूनची रीत.

"ज्वारीची दारू जास्त झाली वाटतं बोबोबाईंना," सासूबाई दिक्को म्हणाल्या.

"अंगात ताप आहे, आई."

"नऊ पोरं झाली मला. ना ताप, ना दवाखान्याची गोळी. आमच्यात कुणी घेतच नाही ती."

"तुमच्या वाटचा ताप गाईंनी घेतला असेल."

दिक्को पोट धरून हसल्या.

तीन आठवडे हेच चाललं होतं. खरं सांगितलं तरी ती चेष्टाच ठरायची. नवऱ्याच्या, सांबाच्या कानावर घालावं तर मायलेकांत वितुष्ट येईल... सासूबाईंचं मन राखायला तिने दवाखान्याने दिलेली, हिवताप टाळायची गोळीही सोडली होती. पण आताशा बाळाची हालचाल मंदावली होती, आणि त्या भीतीने तिचं काळीज पोखरून निघत होतं.

ताक पुसायला ती खाली बसली, ती उठलीच नाही. दिक्कोंनी आणखी एक टोमणा मारला. उत्तर आलं नाही. ही पोरगी टोमणा परतवत नाही, म्हटल्यावर त्यांनी धावत येऊन तिच्या कपाळाला हात लावला. गाढवाच्या गाडीत घालून त्यांनी तिला दवाखान्यात नेलं.

"मावशी, हिवतापाशी झुंजायचं बळ तुमच्या लोकांत रक्तातूनच जास्त येतं," नर्स म्हणाली. "हिच्यात ते नाही, त्यात ही पहिलटकरीण. हा ताप गर्भाच्या वारेत दडून बाळाचं पोषण तोडतो. तुमच्या नऊ बाळंतपणांवरून हिचं जोखू नका."

"बाळ...?"

नर्सने पोटाला नळी लावली. "ठोके आहेत. वेळेत आणलंत."

चारचौघांत डोळ्यांतून टिपूस न काढणाऱ्या दिक्को सगळ्या रांगेदेखत ढसाढसा रडल्या.

"तू सांगत होतीस पोरी, आणि मी हसत होते."

"गोळी घेऊन तुमचं मन मोडवेना, आई."

"माझं मन घालायचंय काय चुलीत?"

औषधाची प्रत्येक गोळी त्यांनी स्वतःच्या हाताने भरवली. चौथ्या दिवशी ताप उतरला, आणि बाळाने अशी लाथ मारली की येझुमाने सासूबाईंचा हात ओढून पोटावर ठेवला. दिक्कोंनी तो बराच वेळ काढला नाही.