वेळंब तलावाचा पाणीपालट

डुबुक दमला होता. यंत्रमानवाने दमावं की नाही, यावर शहाण्यांनी खुशाल वाद घालावा; पण बारा महिने तेरा काळ वेळंबच्या तलावात बुड्या मारायच्या, पाणी तपासायचं आणि पाठवलेले आकडे कुणी बघायचेही नाहीत, असं आयुष्य वाट्याला आलं की लोखंडसुद्धा कंटाळतं. थंडीच्या त्या सकाळी तो काठावर पाठ शेकत, म्हणजे उन्हावर बॅटरी भरत, पडला होता. तेवढ्यात कस्तुरी धापा टाकत आली.

"डुबुक, ऊठ! आत्याचे मासे वर येऊन तोंडं उघडताहेत. पाणी काळपट झालंय, नासक्या अंड्यांसारखा वास येतोय. काल तर सगळं ठीक होतं!"

मागोमाग शेवंताआत्या आली. तलावातले जाळीचे पिंजरे तिचेच. त्यात बोटुकल्या (माशांची बोटाएवढी पिल्लं) सोडून तिने रोहू वाढवले होते, आणि आता ते डोळ्यांदेखत तडफडत होते.

"रातीत कुणीतरी इख वतलंय," ती रडवेली होऊन म्हणाली. "कुणी वतलं त्येवढं सांग."

माणसांना आधी चोर हवा असतो, हे डुबुकला पाठ झालं होतं. तरी पोरीचा उतरलेला चेहरा पाहून त्याने बूड हलवलं आणि तो तळापर्यंत एक बुडी मारून आला.

"कुणी काही ओतलं नाही. तलावाचा पाणीपालट झालाय."

"हवापालट असतो तसा?" कस्तुरीने विचारलं.

"तसाच, फक्त याने तब्येत बिघडली. असं बघ, इतके दिवस वरचं पाणी उन्हाने तापत होतं. कोमट पाणी हलकं, म्हणून ते दुधावरच्या सायीसारखं वर राहिलं. गार, जड पाणी खाली. दोन्ही मिसळेनात, त्यामुळे हवेतला प्राणवायू तळाला पोचेना. तिथे कुजणाऱ्या घाणीवर जगणाऱ्या जीवाणूंनी (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) खालचा विरघळलेला प्राणवायू (मासे याच्यावरच जगतात) संपवून टाकला. काल रात्री कडाक्याची थंडी पडली, वारा सुटला. वरचं पाणी गार होऊन जड झालं, खाली गेलं आणि तळाचं वर आलं."

"मग हे दर थंडीत होत असणार. आधी कधी मासे का नाही तडफडले?"

हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून डुबुक कित्येक वर्षं थांबला होता.

"आधी तळाशी कुजायला एवढं नव्हतं. आता गावाचं सांडपाणी, शेतातलं खत वाहून येतं. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाला बसतं आणि कुजतं. पालट निसर्गाचा, घाण माणसांची."

"माझीबी?" आत्याने विचारलं.

"तुमच्या पिंजऱ्यांतलं उरलेलं खाद्यसुद्धा खालीच जातं, आत्या."

कस्तुरीला डुबुकचा राग आला.

"ते राहू दे! मासे कसे वाचवायचे ते सांग."

"ओढ्याच्या तोंडाशी जायला हवेत. दगडांवरून आदळत येणाऱ्या पाण्यात प्राणवायू मिसळलेला असतो. मोकळे मासे पहाटेच तिकडे गेले."

"मग पिंजरे ओढून ने की!"

"तेवढा जोर माझ्या बॅटरीत नाही. दारं उघडावी लागतील."

दारं उघडायची म्हणजे पोटच्या पोरांसारखे वाढवलेले मासे कायमचे हातचे घालवायचे. तरी आत्या होडीत चढली आणि एकेक दार उघडत गेली. रोहू आधी तिथेच घुटमळले. मग एक वळला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळे ओढ्याकडे निघाले.

"जावा रं बाबांनो," ती म्हणाली. काठावर येऊन तिने डुबुकला विचारलं,

"फुडल्या थंडीत पुन्हा पालटंल?"

"पालटेल, तो काही थांबत नाही. पण घाण थांबवली, तर काही वर्षांत तळ निवळेल. मग खालचं पाणी वर आलं तरी मासे जगतील."

"तू थकलीस, घरी चल," कस्तुरी आत्याचा हात धरून म्हणाली.

"थकले तर हायेच. पन आज गावची बैठक हाय. पयल्यांदा माझ्या खाद्याचं सांगते, मग सांडपान्याचं काढते. मग कुनाला तोंड लपवायला जागा न्हाई." आत्याने साडीचा ओला काठ पिळला आणि ती गावाकडे चालू लागली.