मड्डमेच्या ओटीत

लाईट येईपर्यंत सांगून टाकते. उजेडात मला हे सांगता येत नाही. उजेडात माणसं माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग माझं मलाच वाटायला लागतं, खोटं बोलतेय की काय मी.

त्या दिवशी मी दळण घेऊन गेले होते. गिरणीची मोटर जळालेली, म्हणून ज्वारीचा डबा तसाच परत आणला. एवढंच निमित्त. ज्वारी दळून झाली असती तर पुढचं काही घडलंच नसतं, असं मला अजून वाटतं.

आमचं घर म्हणजे गोऱ्या लोकांच्या जुन्या कबरस्तानातली, फाटकाला लागून असलेली खोली. हडपसरकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडी आत. हे तिथे माळी आणि वॉचमन, दोन्ही. बाहेर बसचे हॉर्न, रिक्षा, सगळं पुणं. पण भिंतीच्या आत पाऊल टाकलं की आवाज पटकन तुटतो, मागून कुणी दार ओढून घ्यावं तसा. मग नुसता कुजलेल्या पाल्याचा वास. लग्न करून आले तेव्हा मी भ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "मेलेल्यांना काय भितीस? त्ये काय मीठ मागाया येत्यात व्हय?"

तिथेच माझी दोन मुलं गेली. म्हणजे जन्मली आणि गेली. पहिल्याची पाचवीसुद्धा पुजून झाली नाही. दुसरी पाळण्यातच निळी पडली. डॉक्टरांनी काही काही नावं सांगितली, ती माझ्या लक्षात राहिली नाहीत.

तिसऱ्या वेळी मुलगी झाली, ही अपेक्षा, तेव्हा सासूबाईंनी कुणाचं ऐकलं नाही. आमच्याकडे मूल जगत नसलं की ते विकतात. खरं नाही हो, रीत असते. बाळ सुपात घालून दुसऱ्या बाईच्या ओटीत द्यायचं, हे तुझं, माझं नाही म्हणून. मग आईने पदर पसरून, मूठभर ज्वारी देऊन ते परत विकत घ्यायचं. ती बाई म्हणते, "दिली." की झालं. सटवाईला वाटतं, हे परक्याचं मूल, हिचं कुठे होतं? आणि ती हिशोब सोडून देते.

पण कबरस्तानात शेजारीण कुठली आणायची? सासूबाई सूप घेऊन गेल्या ते थेट मड्डमेच्या कबरीवर. मागच्या बाजूला चाफ्याखाली एक बुटकी कबर आहे, लोखंडी कठड्याची. वस्तीतल्या बाया तिथे हिरव्या बांगड्या वाहतात, का ते कुणालाच माहीत नाही. सूप दगडावर ठेवलं, "बाई, ही तुझी," म्हणाल्या, ज्वारी टाकली आणि पोर माझ्या पदरात घातली.

मी विचारलं, "पण 'दिली' कोण म्हणणार?"

"मेलेलं मानूस काय बोलनार? गप बसली म्हंजी व्हय म्हनली."

पोर जगली. पण ताप यायचा. कारण नसताना अंग फणफणायचं, आणि ताप चढला की ही उठून चाफ्याकडे चालायला लागायची. बरी असली तरी खेळायची तिथेच. आपल्या पोळीतला तुकडा दगडावर ठेवून यायची. मी किती मारलं तिला त्यापायी.

तर, दळण तसंच घेऊन परत आले तेव्हा फाटकाशी एक स्कूटर उभी होती. एक तरुण मुलगी आणि एक म्हातारी गोरी बाई. कबरस्तानाच्या ऑफिसची चिठ्ठी होती त्यांच्याकडे. हे सासूबाईंना गावी सोडायला गेले होते, म्हणून फाटक मीच उघडलं.

"मी तेजस्विनी," मुलगी म्हणाली. "मी फॉरेनच्या लोकांचे पूर्वज शोधून देते. आपल्याकडे पणजोबांचं नाव विचारलं की लोक छताकडे बघतात, आणि हे लोक विमानाचं तिकीट काढून येतात. या क्विनलनबाई. आयर्लंडहून."

म्हातारी हसली. पांढरे केस, जाड बूट, गळ्यात चष्म्याची दोरी. माझ्याकडे बघून हसली आणि मग माझ्या मागे बघितलं. मागे आमच्या खोलीचं दार होतं. आत अपेक्षा तापात झोपलेली.

मला ते बघणं आवडलं नाही. हल्ली मोबाईलवर काय काय येतं, मुलं पळवणाऱ्या बायांचं. मी दार ओढून घेतलं.

त्यांना जी कबर हवी होती ती मड्डमेचीच निघाली. म्हातारी गुडघे टेकून बसली, रुमालाने शेवाळ पुसलं आणि दगडावरची अक्षरं बोटाने चाचपली. नोरा. इतकी वर्षं तिथे राहून मला तिचं नाव माहीत नव्हतं.

तेजस्विनी सांगत होती. ही नोरा म्हणजे बाईंच्या पणजीची बहीण. तिच्या गावच्या चर्चमध्ये तिच्या बाप्तिस्म्याची नोंद आहे, लग्नाची आहे. नवरा पलटणीत, त्याच्याबरोबर ती पुण्याला आली. इथे बाळंतपणात गेली, त्याची नोंद इथल्या चर्चमध्ये मिळाली. मुलगी झाली होती. तिचाही बाप्तिस्मा सापडला.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. मेल्याची नोंद नाही, बोटीत बसल्याची नाही. जन्म आहे, मरण नाही. बाईंच्या वंशवृक्षात तेवढी एकच चौकट अर्धी आहे, आणि तेवढ्यासाठी आमची इतकी धावपळ." मग तिने आवाज खाली आणला. "पण काकू, एक विचित्र आहे. तिकडच्या जनगणनेच्या कागदावर नोराच्या आईने घरातली माणसं लिहिली ना, त्यात या नातीचं नाव आहे. जी त्या घरात कधी गेलीच नाही. आणि नंतर कुणीतरी त्यावर काट मारलीये."

मला पटकन समजलं. घरचं कुणी यायचं असलं की आपण नाही का ताट मांडून ठेवत? तसं त्या आजीने नाव मांडून ठेवलं होतं.

ऊन उतरायला लागलं होतं. चाफ्याखाली तर संध्याकाळच झाली होती. म्हातारीने आपल्या कागदावर बघितलं आणि हळूच, दगडाला ऐकू जाईल इतकंच, त्या नातीचं नाव घेतलं.

"डेलिया..."

आणि आमच्या खोलीतून, बंद दाराआडून, अपेक्षा म्हणाली, "आले..."

मी धावत गेले. पोर अंथरुणात उठून बसलेली, डोळे लाल.

"कुणाला आले म्हणालीस गं?"

"मला बोलावलं ना."

"कुणी?"

तिने भिंतीकडे बोट केलं. भिंतीपलीकडे चाफा होता.

मी सासूबाईंना फोन लावला. दोनदा चुकीचा लागला.

"आत्याबाई, तेव्हा मड्डम... 'दिली' म्हणाली होती का हो?"

"आगं, येड लागलं का तुला?"

"सांगा ना. तुम्ही जवळ होतात."

मग त्या म्हणाल्या, "तसं काय म्हनलीच न्हाई. म्या लई दिस त्येच घोळवतीया मनात... फुडचा येव्हार ऱ्हायला बग. पोर अजून तिच्याच ओटीत हाय."

दारात सावली पडली. म्हातारी उभी होती. अपेक्षाकडे बघत होती, डोळे भरलेले. तिने तेजस्विनीला काहीतरी विचारलं.

"हिचा जन्म कधीचा, विचारतायत."

"कशाला पाहिजे?" मी म्हणाले. "जन्म, मरण, सगळ्याचे कागद पाहिजेत का यांना? आम्ही नाही देत."

"अहो काकू, त्या सहज विचारतायत. म्हातारं माणूस आहे, मुलगी घेऊन पळेल का? त्यांना स्कूटरवर बसवताना मला दोन माणसं लागली."

तरी माझा संशय जाईना. पण संशयातच एक विचार आला, आणि आला तो गेला नाही. ही मड्डमेच्या रक्ताची. मेलेली बोलू शकत नाही, ही बोलू शकते. तिच्या वतीने हिने "दिली" म्हटलं, तर व्यवहार पुरा होईल. पोर माझी होईल. कायमची.

ज्वारी घरात होतीच, न दळलेली.

मी तेजस्विनीला समजावून सांगितलं. ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून थांबली. "ठीक आहे, सांगते त्यांना. व्हिडिओ काढला तर चालेल ना? यांच्या गावात कुणाला खरं वाटायचं नाही."

म्हातारीने सगळं नीट ऐकून घेतलं. तिला नवल वाटलं नाही. तेवढी एक गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती.

ती कबरीच्या कडेवर बसली. मी अपेक्षाला तिच्या मांडीवर दिलं. मध्ये सूप ठेवलं, सुपात ज्वारी. मी समोर पदर पसरून बसले. रस्त्यावरचा आवाज पार बंद झाला होता. चाफ्याला तेव्हा एकही फूल नव्हतं, तरी वास येत होता. मी मूठ भरली, तिच्या ओंजळीत ज्वारी घातली आणि म्हणाले, "बाई, माझी मला द्या."

ती काही बोलेना. अपेक्षा तिच्या छातीला टेकून शांत बसलेली. तेजस्विनीने विचारलं, "मी शब्द सांगू का त्यांना?"

तेवढ्यात ऐकू आलं. स्पष्ट, आपल्या मराठीत.

"दिली."

मला रडू फुटलं. मी पोरीला उचललं. कपाळाला हात लावला, ताप उतरलेला. तिने माझं बोट धरलं आणि आम्ही दोघी घरी आलो. मागे वळून बघायचं नसतं, मी बघितलं नाही. थोड्या वेळाने स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

घरी येऊन कणीक मळायला बसले, पदर सोडला, आणि त्यातून ज्वारी सांडली. मूठभर.

मी म्हटलं, घाईत माझ्याच पदरात पडली असेल.

त्यानंतर अपेक्षाला ताप आला नाही. एकदाही नाही. अंग नेहमी गार, माठासारखं. वाढलेलं सगळं जेवते. चाफ्याकडे ढुंकून बघत नाही. हे म्हणतात, "बघ, सुधारली पोरगी. उगाच जिवाला घोर लावून घेतलास."

मग तेजस्विनीने यांच्या मोबाईलवर तो व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "काकू, बाई सुखरूप पोचल्या. तुमची फार आठवण काढतात. त्यांचं झाड पूर्ण झालं म्हणे."

मी व्हिडिओ लावला.

म्हातारी कबरीच्या कडेवर. मांडीवर अपेक्षा. समोर मी, पदर पसरून. म्हातारी सुपात हात घालते, मूठ भरते, आणि ज्वारी माझ्या पदरात टाकते. ती. माझ्या पदरात. मग तो शब्द येतो. म्हातारीचे ओठ मिटलेले आहेत. हलतात ते माझे.

"दिली."

मग मी उठते. एका हाताने पदराची ओटी सावरलेली. दुसरा हात थोडा बाजूला, बोट पुढे केलेलं, कुणीतरी धरल्यासारखं. अशी मी चालत घराकडे जाते, एकटी. आणि अपेक्षा तिथेच, म्हातारीच्या मांडीवर, माझ्याकडे बघत बसलेली. व्हिडिओ संपतो तोवर बसलेली.

यांना दाखवला. हे म्हणाले, "अंधार आहे, काही दिसत नाही धड. झोप आता."

ती आत झोपली आहे. माझ्याच अंथरुणात, माझ्याच कुशीत झोपते रोज. मी तिचे केस विंचरते, भरवते, शाळेत सोडते. फक्त हाक मारत नाही. काही हवं असलं की जवळ जाते, खांद्याला हात लावते. लोक विचारतात, पोरीला नावाने का बोलवत नाहीस?

काय सांगू त्यांना? मी हाक मारली, आणि ती माझ्यासमोर गप्प उभी राहिली, आणि "आले" चाफ्याकडून आलं, तर?