हाडं सांधणारी बदामबाई

बदामबाईच्या दुखवट्याच्या बैठकीला आलेल्या माणसांनी अंगण भरून गेलं होतं, आणि त्या भरल्या अंगणातून आपला थोरला भाऊ रिखबचंद बायको अनोखीबाईला सोबत घेऊन सरळ आपल्या दाराकडे येताना दिसला, तेव्हा अमरचंदच्या काळजात चर्र झालं. खांडबाऱ्यासारख्या एकाच गावात राहून इतक्या वर्षांत या भावाने त्याच्या घराची पायरी चढली नव्हती... आणि आता, अमरचंदची बायको गेल्यावर?

"आज कशाला आलात, भाईसा?" तो एवढंच म्हणाला. उठून उभासुद्धा राहिला नाही.

रिखबचंद पगडी हातात घेऊन दाराशीच उभा राहिला.

अमरचंदच्या डोळ्यांपुढे तो बाजाराचा दिवस आला. जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. स्टेशनावर सागाचे ओंडके मालगाडीच्या वाघिणीत चढवताना एक घसरला आणि बाज्या हमालाची मांडी मोडली. त्याला उचलून बाजारात आणलं; तो विव्हळत होता, भोवती नुसती बघ्यांची गर्दी. तेवढ्यात भावांच्या दुकानामागच्या घरातून बदामबाई धावत बाहेर आली, पदर कमरेला खोचलेला, डोकं उघडं. तिकडे मारवाडात तिचे नाना, म्हणजे आईचे वडील, उंटांची आणि माणसांची हाडं बसवायचे. त्यांच्याजवळ बसून ती विद्या लहानपणीच तिच्या बोटांत उतरली होती. भर बाजारात तिने बाज्याचं हाड बसवलं, बांबूच्या कामट्या बांधल्या आणि घाम पुसत घरात शिरली.

"घरच्या सुनेनं हमालाच्या मांडीला हात लावला," रिखबचंद त्या संध्याकाळी म्हणाला होता. "यापुढे तिनं उंबऱ्याच्या आत राहायचं. नाही जमत, तर दोघांनी उंबरा सोडायचा."

अमरचंदने उंबरा सोडला. वडिलांचं घर, दुकानावरचा हक्क, भावाची माया... सगळं मागे ठेवून त्याने स्टेशनाजवळच्या एका खोलीत बिऱ्हाड मांडलं. तो मीठ-मिरची विकू लागला आणि ती तट्टावर बसून डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर जाऊ लागली. या त्यागाचा त्याला कधी पश्चात्ताप झाला नाही, कारण त्या बाईसोबत जगताना आपण काही दिलं आहे याचीच त्याला आठवण राहत नसे.

एकदा तो तिच्याबरोबर गेला होता. कड्यावरचं मोहोळ काढताना डोंगरातल्या कोकणी जमातीचा एक माणूस खाली कपारीत कोसळला होता. जिवंत होता, पण पाय पार वाकडा. तसाच वर ओढला असता तर जिवानिशी गेला असता. खाली उतरायला कुणी धजेना. बदामबाईने दोर मागितला, कमरेला बांधला आणि दुसरं टोक नवऱ्याच्या हातात दिलं. पाड्यावरचे चौघे मागून धरून होते, पण पुढे तोच होता. त्याने दोर मुठीत आवळून धरला होता.

"अहो, जरा सैल सोडा," ती कड्याखालून म्हणाली होती. "मी काही काचेची नाही."

ती धुक्यात दिसेनाशी झाली. खालून फक्त तिचा आवाज येत होता, त्या माणसाला लेकरासारखं चुचकारणारा... मग एक किंकाळी, आणि मग शांतता. तो माणूस पाय बांधलेला असा आधी वर आला, त्यामागून ती. अमरचंद तिच्याकडे बघतच राहिला. देवळात उभं राहावं तसे त्याचे हात आपोआप जुळले होते, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती पाणी मागत होती.

आणि अशी बाई साध्या तापाने गेली...

"देवरजी," अनोखीबाईच्या हाकेने तो भानावर आला. भाभी त्याच्यासमोर येऊन बसली होती. "यांना मी काल सांगितलं. आता तुम्हीही ऐका. मागे मी माळ्यावरून पडले होते, आठवतं? हे लग्नाला मारवाडात गेले होते. नडगीचं हाड मोडून बाहेर आलं होतं माझं."

"सुरतेच्या वैद्यानं बरं केलं, असं ऐकलं होतं."

"कुठला वैद्य... बदाम यायची, मागच्या दारानं. हे परत येईपर्यंत रोज यायची. तुम्हाला सांगायची डोंगरात जाते म्हणून."

अमरचंदपासून तिने आयुष्यात काही लपवलं असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मी म्हटलं, सांगू का यांना? तर गळ्याची शपथ घातली तिनं. म्हणाली, जेठजींना कळलं तर त्यांना माझ्यापुढे मान खाली घालावी लागेल. घरातल्या थोरल्याची मान माझ्यामुळे खाली जायला नको, भाभी. आणि आमच्या यांना कळलं तर ते तुमच्या दारात येऊन भांडतील." अनोखीबाईने डोळ्यांना पदर लावला. "मी तिच्या जिवावर चालत राहिले, आणि हे त्या वैद्याचं कौतुक सांगत राहिले."

दाराशी उभ्या रिखबचंदचे खांदे गदगदू लागले. तो आत आला नाही. मागे वळला आणि अंगणात, डोंगरातून उतरून आलेल्या त्या माणसांमध्ये, ज्यांना त्याने कधी दुकानाच्या ओट्यावरही टेकू दिलं नव्हतं, त्यांच्यात जमिनीवर जाऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने सरकून जागा दिली.

"आमनी माय व्हती ती, शेठ," म्हातारा म्हणाला.

रिखबचंदने मान डोलावली. अमरचंद उठून बाहेर आला आणि भावाजवळ टेकला.

"अमर," रिखबचंद म्हणाला, "माझ्यासमोर ती कायम घुंगटात. आणि त्या दिवशी बाजारात उघड्या डोक्यानं आली, तर मीच तोंड फिरवलं. मी तिला कधी पाहिलंच नाही रे... कशी दिसायची ती?"

अमरचंद सावकाश बोलू लागला.

"उन्हानं रापली होती, भाईसा. डाव्या भुवईवर तीळ होता. हसायची, तेव्हा आधी डोळे हसायचे आणि ओठ मागून..."

रिखबचंदने डोळे मिटून घेतले आणि भावाचा हात घट्ट धरला.

"अजून सांग," तो म्हणाला.