तिसऱ्या रविवारची हरकत

आडव्या पडलेल्या मोठ्या पातेल्यातून दोन पाय बाहेर आलेले तिने पाहिले आणि ती दारातच थबकली.

दुपार कलली होती. चर्चच्या मागच्या सभागृहात जेवून सगळे केव्हाच घरी गेले होते. तीही गेली होती, पण अर्ध्या वाटेत पावसाचे चार थेंब अंगावर पडले आणि छत्री स्वयंपाकघरातच राहिल्याचं लक्षात आलं. काचेचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. तेव्हापासून इथे रोज दीडशे माणसं जेवत आणि त्यांचं सूप तीच शिजवी. पातेली मात्र रोज सकाळी लख्ख घासलेली मिळत. ती कोण घासतं, हे विचारायची कुणालाच फुरसत नव्हती.

"कोण आहे रे तिकडे?"

"कोणी नाही," पातेलं म्हणालं.

"कोणी नाही, तर पाय कोणाचे?"

आत जरा विचारविनिमय झाल्यासारखी शांतता पसरली. मग पाय मागे सरकले आणि त्यांच्यामागून उरलेला माणूस निघाला. बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या, हनुवटीला साबणाचा फेस, केसांत भाताचं शीत. तिला हसू फुटणारच होतं, पण चेहरा ओळखला आणि ते ओठांवरच विरलं.

तो फितूर होता. आईबापांनी दुसरं काही नाव ठेवलं असेल, पण गावाने हेच ठेवलं होतं.

कारखान्यात संप झाला तेव्हा तिचे बाबा पुढारी होते. सतरा दिवस एकही माणूस फाटकाच्या आत गेला नाही. अठराव्या दिवशी सकाळी हा गेला. भट्टीवरचा चांगला कारागीर, सगळ्यांच्या विश्वासातला. त्याच्यामागून आणखी अकरा जण गेले. मालकाने त्यांच्याकडून अडकलेला माल बारा दिवसांत काढून घेतला आणि तेराव्या दिवशी कारखान्याला कुलूप ठोकून तो निघून गेला. बाबा तेव्हापासून घरात मोजकंच बोलत. ज्या माणसाच्या एका हाकेवर पाचशे माणसं उभी राहत, तो आता शेजाऱ्यांच्या खिडक्यांना काचा बसवून देई.

"जाते मी," ती म्हणाली. छत्री उचलली. दोन पावलं गेली आणि परत वळली, कारण न विचारता निघून जाणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती कारखान्यात कामाला होती तेव्हा तिला उगाच सगळे 'ठिणगी' म्हणत नसत.

"का गेलास रे आत?"

आता हा आजारी आईचं नाव काढणार, नाहीतर मालकाने धमकी दिली म्हणणार, असं तिला वाटलं. उत्तरं तिच्याकडे तयार होती.

"भ्यालो," तो म्हणाला. "दुसरं काही नाही. कामच गेलं तर काय, या विचाराने रात्रभर झोप लागली नाही. उजाडल्यावर पाय आपोआप फाटकाकडे वळले."

तिची सगळी उत्तरं वाया गेली.

"आणि हे भांडी घासणं?"

"चर्चच्या पाळकसाहेबांनी मागच्या दाराची किल्ली दिलीय. म्हणाले, पुढच्या दाराने यायची हिंमत होईपर्यंत मागच्या दाराने ये."

"जेवतोस कुठे?"

तो पुन्हा पातेल्यात शिरायला लागला. तिने चूल पेटवली, उरलेलं सूप गरम केलं आणि पावाचे दोन जाड काप त्याच्यासमोर आदळले. उपाशी माणसाने घासलेलं भांडं आपल्याला चालत नाही, असंही बजावलं. सूप पिताना तो एकदाच मान वर करून तिच्याकडे बघून हसला, आणि घरी जाताना तिने छत्री उघडलीच नाही, भिजतच गेली.

दुसऱ्या दिवशी ती रुमाल विसरली. तिसऱ्या दिवशी डबा. चौथ्या दिवशी विसरायला काही उरलं नाही, तरीही आली.

"आज काय राहिलं तुमचं?" त्याने विचारलं.

"'तुम्ही' काय म्हणतोस? मी काय तुझी आत्या आहे?"

"पुढाऱ्यांच्या मुलीला 'तू' म्हणायला भीती वाटते."

"तुला कशाची भीती वाटत नाही तेवढं सांग. यादी लहान असेल."

तो मोठ्याने हसला. त्याच्या मनगटांवर भट्टीच्या भाजण्याचे जुने डाग होते. ती पातेली विसळून देई, तो पालथी घाली. हाताला हात लागला की दोघंही एकदम दुसऱ्याच विषयावर बोलायला लागत. प्रेम झालंय हे तिला कळलं, आणि कळल्याबरोबर तिला स्वतःचाच भयंकर राग आला. सबंध गाव सोडून हाच सापडावा?

पण राग आला की तिला लपून राहणं जमत नसे. जेवणाआधी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. तिच्यातली 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' ही ओळ दीडशे तोंडांतून रोज सुरात निघे आणि त्यानंतर सगळे पाव मोडायला लागत. एका दुपारी ती ओळ संपली आणि तिने मागचं दार उघडलं, भांडी रिकामी व्हायची वाट बघत बाहेर बसलेल्या त्याला मनगटाला धरून आत आणलं आणि मधल्या बाकावर बसवलं.

चमचे थांबले. समोरची मावशी ताट घेऊन उठली. तिचा मुलगा काम शोधायला परमुलखात गेला होता आणि महिनोन्महिने पत्र नव्हतं.

"ह्याच्या बाकावर मी बसायची नाही," मावशी म्हणाली.

"मग उभ्याने जेवा, मावशी."

"पोरी, तुझ्या बापाचं तरी तोंड बघ."

"रोज बघते. म्हणूनच सांगते," ती म्हणाली. तिने आवाज खाली येऊ दिला नाही. "मालकाला आपल्यात फूट पाडायची होती. तो कुलूप लावून गेला आणि आपण त्याचं काम आठ महिने फुकटात पुढे चालवतोय. मी नाही चालवणार. ह्याने चूक केली, मोठी केली. म्हणूनच माफ करायचं ना? काही केलंच नसतं, तर माफ काय करणार होतो?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निम्मी माणसं उठून गेली. त्याला घास गिळवेना, तरी ती शेजारी पहारा दिल्यासारखी बसून होती, म्हणून त्याने सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तशीच बसली, तिसऱ्या दिवशीही. महिनाभराने मावशी त्याच बाकाच्या टोकाला येऊन टेकली, अर्थात पाठ फिरवून.

त्याच आठवड्यात नळापाशी तो म्हणाला, "माझ्याशी लग्न केलंस तर... तुलाही फितूर म्हणतील."

"विचारतोयस की इशारा देतोयस?"

"दोन्ही."

"मग आधी तोंडावरचा फेस पूस, आणि नीट विचार."

त्याने फेस पुसला. नीट विचारलं. तिने हो म्हणायला एवढा कमी वेळ घेतला की त्याने पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

"तुझ्या बाबांकडे येतो मी," तो म्हणाला.

"नको... तू नको येऊस. मी बघते."

इथेच तिचं चुकलं, पण ते तिला तेव्हा कळलं नाही.

चर्चमधल्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे लग्नाआधी तीन रविवार उपासनेत घोषणा व्हायची. पाळकसाहेब दोघांची नावं वाचत आणि विचारत, या विवाहाला कोणाची हरकत आहे का? पहिल्या रविवारी सगळे छताकडे बघत राहिले. दुसऱ्या रविवारी कुणीतरी खाकरलं, तेवढंच. त्या दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी मी उभा राहणार आहे."

बापाने भर चर्चमध्ये हरकत घेतली, तर पाळकसाहेबांना लग्न थांबवावंच लागणार होतं.

"राहा उभे," ती म्हणाली. "मीही उभीच असेन."

तिसऱ्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पाळकसाहेबांनी नावं वाचली, प्रश्न विचारला, आणि बाबा उठले.

"आहे हरकत."

ती ताडकन उभी राहिली. "बाबा, त्याने सगळ्यांसमोर—"

"तू खाली बस," बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत. "हीच माझी हरकत आहे, पाळकसाहेब. ही त्याच्यासाठी मावशीशी भांडली, गावाशी भांडली, माझ्याशी भांडली. दहा महिन्यांत तो माझ्या दारात एकदाही आला नाही. जो संपात माझ्यासमोर उभा राहिला नाही, तो आज माझ्या मुलीमागे उभा आहे. अशा माणसाला मी मुलगी देऊ?"

तिचं तोंड उघडं होतं. दहा उत्तरं जिभेवर होती, एकाहून एक धारदार. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. आता ती बोलली असती, तर तो वाचला असता, आणि कायमचा बुडालाही असता.

ती खाली बसली. दोन्ही हात मांडीवर घट्ट आवळून गप्प बसली. असं कठीण काम तिने जन्मात केलं नव्हतं.

तो उठला. बाकांमधल्या वाटेने चालत बाबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला.

"त्या दिवशी फाटकाशी तुम्ही उभे होतात," तो म्हणाला. "मी तुमच्या डोळ्यांत न बघता आत गेलो. तुम्ही मला नावाने हाक मारली होती. मी ऐकली होती. आजवर हे कुणाला सांगितलं नाही... हिलाही नाही." त्याने मान वर करून बाबांच्या डोळ्यांत पाहिलं. "मला माफ करा. आजही भीती वाटतेय. पण हिच्यावर माझं प्रेम आहे, आणि हिच्यामागे लपून मला हिच्याशी लग्न करायचं नाही."

मावशीने पदराने नाक पुसलं.

"पाळकसाहेब," बाबा म्हणाले, "हरकत मागे घेतली असं लिहा."

"आणि क्षमा?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं.

"माफ केलं असं लिहू नका. ते काम चालू आहे."

बाबा खाली बसले. बसल्यावर बाकावर थोडे बाजूला सरकले, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर दोनदा हात आपटून त्याला म्हणाले, "उभा काय राहिलास? बस."