भोकाचे शिंपले

नाशिकच्या वडाळागावात जहिदा शिंपल्यांची तोरणं करायची. हर्णैहून एसटीच्या पार्सलने पोतं यायचं. धुणं, वाळवणं सोपं. एकेका शिंपल्याला भोक पाडणं मात्र जिवावर यायचं. या खेपेला निम्म्याहून जास्त शिंपल्यांना भोक आयतंच होतं.

तिने हर्णैच्या व्यापाऱ्याला फोन लावला.

"ताई, ती गोगलगाय करते," तो हसला. "समुद्रातली, बोराएवढी. शिंपल्यावर बसते, घासून घासून भोक पाडते आणि आतला जीव शोषून घेते. खुशाल ओवा तुम्ही."

तिचा नवरा रियाज अंबडला कारखान्यात ड्रिल मशीनवर होता. त्याने एक शिंपला उजेडात धरला.

"बाहेरून रुंद, आत निमुळतं. माझ्याच्यानेसुद्धा असं व्हायचं नाही."

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीने, अरिबाने, नाश्त्याला अंडं फोडलं. आत काहीच नव्हतं. कवच कोरडं ठणठणीत, बाजूला एक गोल भोक. ट्रेमधलं प्रत्येक अंडं तसंच.

जहिदाने आधी दुकानदाराला फैलावर घेतलं. नवी अंडी आणून स्टीलच्या डब्यात ठेवली, झाकण घट्ट बसवलं. सकाळी डबा शाबूत, अंडी रिकामी. मग शेजारच्या नवसाबाईच्या खुडूक कोंबडीखालची अंडी गेली. कोंबडी जागची उठलीसुद्धा नव्हती.

"गोगलगायच ना? मीठ टाक," नवसाबाई म्हणाली.

जहिदाने उंबऱ्यापासून मोरीपर्यंत खडेमीठ पसरलं. मे महिना, नळाचं पाणीही चटके देत होतं. तरी दुपारपर्यंत मीठ पाझरून चिंब झालं. घरभर ओहोटीनंतरच्या किनाऱ्याचा वास भरला. समुद्रातल्या जिवाला मिठाचं कसलं भय! मिठावरून एक चकचकीत, ओली वाट गेली होती.

अरिबाच्या उशीपर्यंत.

रियाजने बॅग काढली. "मालेगावला चला, अम्मीकडे. हे पोतं मी गोदावरीत टाकतो."

"तुम्ही अरिबाला घेऊन जा," जहिदा म्हणाली. "मी नाही येणार. या भिंतींच्या विटा मी डोक्यावरून वाहिल्यात. एका गोगलगायीला घर सोडून देऊ?"

"एकटी राहशील?"

"एकटी कुठे? ती आहे ना."

ते दोघं गेले. जहिदाने भर उन्हात पोतं अंगणात उपडं केलं आणि मुसळाने शिंपले कुटायला घेतले. पांढरी भुकटी उडाली, डोळ्यांत गेली, दातांखाली करकरली. तळहाताला फोड आले. ती थांबली नाही.

"ये!" ती ओरडली. "ये समोर! अंड्यांवर कसली मर्दुमकी दाखवतेस?"

समोर कुणी आलं नाही.

शेवटचा शिंपला फुटला तेव्हा घरातला वास गेला होता. तिने तव्यावर अंडं फोडलं. पिवळाधमक बलक पसरला.

तिने रियाजला फोन केला. "या परत. हरली."

दोघं परतले. अरिबा पुन्हा आपल्या उशीवर निवांत झोपू लागली. नवसाबाईची कोंबडी पुन्हा अंडी देऊ लागली.

एकदा सकाळी सगळे चहाला बसले असताना जहिदाची जीभ उजव्या दाढेवर थबकली.

छोटंसं भोक. गोल, गुळगुळीत.

दुखत मुळीच नव्हतं.

जीभ लावली की आत काहीतरी हळूच मागे सरायचं.

अरिबा कशावरून तरी हसत होती. जहिदाने जीभ त्या भोकावर गच्च दाबली, आणि तशीच दाबून धरली.