कमरेखालचा खिसा

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाइल ठेवा खाली. माझा एक मित्र होता, शिंपी. त्याच्या तोंडून ऐकलंय तेच सांगतो, पदरचं काही नाही.

त्याच्या थोरल्या भावाला कावीळ झाली. पित्ताची वाट आतून बंद. डॉक्टरांनी बरगडीखाली कातडीतूनच बारीक नळी यकृतात घातली आणि बाहेर पिशवी जोडली. पित्त पिशवीत उतरू लागलं. अंगाची खाज गेली, डोळ्यांचा पिवळेपणा ओसरला, थोरला पुन्हा धाकट्याच्या शिवणीला नावं ठेवू लागला. घरी सोडताना सिस्टरनी एकच बजावलं होतं, पिशवी कायम कमरेच्या खाली.

तेवढ्यात धाकट्याच्या मुलीचे होणारे सासू-सासरे जेवायला यायचं ठरलं. झालं, ह्याला अब्रूचा घोर लागला. ती हिरवी-पिवळी पिशवी लोकांना दिसायची कशी? त्यानं थोरल्याच्या लांब सदऱ्याला आतून, छातीशी खिसा शिवला आणि पिशवी त्यात कोंबली.

"अरे, ही खाली हवी ना?" थोरला म्हणाला.

"दादा, पाहुणे जाईपर्यंत कळ काढ."

पाहुणे रात्री उशिरा गेले. हा आनंदात झोपला, पिशवी खाली घ्यायचं विसरला. थोरलाही थकून तसाच झोपला. पित्त उलटं फिरलं. पहाटे त्याला हुडहुडी भरली, दात वाजू लागले. दवाखान्यात नेईपर्यंत जंतू रक्तात पसरले होते. दोन दिवसांत सगळं आटोपलं. लग्न मात्र ठरलं हो. अब्रू राहिली.

दवाखान्यानं परत दिलेला तो सदरा ह्यानं दुकानातल्या कपाटात कुलपात टाकला. थोरल्याच्या पायमशीनचा पट्टाही काढून ठेवला.

मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचे पावणेबारा. सकाळी गिऱ्हाईक कोट न्यायला येणार होतं, एक बटण राहिलं होतं, म्हणून हा खाली दुकानात निघाला.

जिन्यातच थांबला.

मशीन चालू होतं.

पट्ट्याशिवाय…

"दादा?"

मशीन थांबलं. मग पुन्हा… सावकाश. टीप संपवताना थोरला ती दोनदा मागं घ्यायचा. तसंच. दोनदा.

ह्यानं दिवा लावला. कोणी नाही. कपाटाला कुलूप तसंच.

उघडलं…

सदरा घडीतच होता. छातीचा खिसा उसवलेला. तोच खिसा आता खाली, कमरेच्या खाली शिवलेला. टीप शेवटी दोनदा मागं घेतलेली.

ह्यानं आत हात घातला.

खिसा ओला होता… आणि कोमट.